अहिराणी गाणी रेकॉर्ड करण्यासाठी घरी बनवलेला माइक

जात्यावरच्या ओव्या, कानबाई देवीची गाणी, वहीगायन खान्देशात अजून ऐकायला मिळतं. मात्र ते साठवलं जातं मोबाइलच्या आतल्या माइकवर, आणि तो असतो बोलण्यापुरता. ढोल वाजला की फोन आवाज आपोआप खाली ओढतो आणि गाणाऱ्या बाईचे शब्द बुडतात. साधा रेकॉर्डर हाताशी असेल तर त्याला जोडायचा चांगला माइक घरी बनवता येतो. नवशिके सगळे पैसे महागड्या कॅप्सूलवर, म्हणजे आवाज पकडणाऱ्या माइकच्या गाभ्यावर, घालतात. खरं तर माइक बिघडतो तो शील्डिंग, म्हणजे बाहेरचं धातूचं आवरण, कच्चं राहिल्याने आणि वाऱ्याने.

सामान असं: ९.७ मिमी व्यासाची, दोन टोकांची इलेक्ट्रेट कॅप्सूल, ४.७ किलोओहम आणि १०० किलोओहमचा एकेक रेझिस्टर, १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कॅपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी, क्लिप, छोटा स्विच, २ मीटर शील्डेड ऑडिओ वायर, ३.५ मिमीची स्टीरिओ पिन. आतून १० मिमी असलेली ८ सेमी पितळी नळी आणि बॅटरीसाठी पत्र्याची डबी. प्लास्टिकची डबी नको, ती घरातल्या विजेची घरघर अडवत नाही.

इलेक्ट्रेट माइक १९६२ साली बेल लॅब्समध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी शोधला. त्यातल्या पडद्याचा विद्युतभार कायमचा असतो. बॅटरी लागते ती कॅप्सूलच्या आतल्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरला.

कॅप्सूलला टाका

कॅप्सूल पालथी करा. दोन ठिपक्यांपैकी एकापासून बारीक रेषा कडेच्या पत्र्याला जाऊन मिळालेल्या दिसतील. तो ऋण. खात्री नसेल तर मल्टिमीटर बीपवर ठेवून ठिपका आणि कडा तपासा. दुसरा ठिपका धन.

२५ वॉटची सोल्डरिंग गन पुरे. वायरीच्या टोकांना आधीच सोल्डर लावून घ्या, मग ठिपक्यावर टेकवून जास्तीत जास्त २ सेकंदांत टाका मारा. बसला नाही तर कॅप्सूल पूर्ण थंड होऊ द्या, मगच पुन्हा प्रयत्न करा. जास्त तापली की पडद्यावरचा भार उतरतो. मग कॅप्सूल चालू दिसते, पण आवाज क्षीण येतो आणि मागे सतत 'स्स्स' राहते. ती दुरुस्त होत नाही. वायरीची आतली तार धनाला, तिच्याभोवतीची जाळी (शील्ड) ऋणाला.

डबीतली जोडणी

बॅटरीचा धन स्विचमधून ४.७ किलोओहमच्या एका टोकाला. रेझिस्टरचं दुसरं टोक, कॅप्सूलकडून आलेली आतली तार आणि कॅपॅसिटरचा धन ही तीन टोकं एकत्र. कॅपॅसिटरचा ऋण पिनेच्या टोकाला आणि मधल्या रिंगला, म्हणजे दोन्ही बाजूंना आवाज येतो. तिथूनच १०० किलोओहम जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या ऋणाला. तो नसेल तर पिन लावताना 'धप्' असा मोठा आवाज होतो. सगळ्या जाळ्या, बॅटरीचा ऋण, पिनेचा मागचा भाग आणि डबीचा पत्रा एकमेकांना जोडा. रेकॉर्डरच्या मेन्यूत प्लग-इन पॉवर (पिनेतून माइकला दिलेली वीज) असेल तर ती बंद ठेवा.

स्विच चालू करून कॅप्सूलच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. साधारण ७ ते ८ व्होल्ट यायला हवं. पूर्ण ९ आलं तर टाका सुटलाय. शून्याजवळ आलं तर जाळीची एखादी तार आतल्या तारेला चिकटलीय.

कॅपॅसिटर १० ऐवजी १ मायक्रोफॅरडचा घातला, तर २ किलोओहमच्या इनपुटवर अगदी खालचा, जाड आवाज उतरू लागतो. नुसत्या ओव्यांसाठी ते चालतं, वाऱ्याची गडगडही कमी होते. ढोल हवा असेल तर १०च.

ही डबी फोनला जोडू नका. फोन माइक ओळखतो तो स्वतः पाठवलेला करंट वाहतो का ते पाहून. कॅपॅसिटर तो अडवतो, म्हणून फोन गुपचूप आतल्याच माइकवर रेकॉर्ड करतो. फोनसाठी चार भागांची पिन घ्या आणि कॅप्सूल थेट जोडा: अशी पिन बसणाऱ्या बहुतेक फोनांत धन सगळ्यात मागच्या भागाला, ऋण त्याच्या पुढच्या रिंगला.

नळी आणि घरघर

कॅप्सूलची कडा नळीला आतून टेकलीच पाहिजे. सैल असेल तर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून बसवा. मग वीज चालू असलेल्या घरात हेडफोन लावून नळीला बोट लावा. हात लावताच घरघर बदलली, तर नळी जमिनीला जोडलेली नाही. हाताची खरखर थांबवायला बाहेरून ठिबकच्या १६ मिमी लॅटरलचा तुकडा चढवा आणि नळी व तुकड्यामध्ये फोमची पट्टी द्या. ठिबकची नुसती नळी माइकची बॉडी म्हणून वापरू नका, ती शील्ड होत नाही.

कॅप्सूल कार्डिऑइड असेल, म्हणजे मागे बारीक छिद्रं असतील, तर मागून ग्लू भरू नका आणि बंद नळीतही बसवू नका. तिची एका दिशेने ऐकण्याची ताकद त्या छिद्रांतच असते.

वारा

चहाच्या दोन छोट्या स्टीलच्या गाळण्या घ्या, दांडे कापा, तोंडाला तोंड लावून तारेने बांधा. कॅप्सूल मध्ये अधांतरी राहील अशी नळी आत सरकवा आणि वरून सॉफ्ट टॉयचं लांब केसांचं कापड ओढा. वारा जाळीवर अडतो, आतली हवा स्थिर राहते. आत कापूस ठासून भरला तर 'स', 'श'ची धार जाते.

माइक कुठे ठेवायचा

ओव्यांसाठी जात्याच्या समोर नको. गाणारीच्या तोंडापासून २५-३० सेमीवर, किंचित वर. स्टँडखाली घडी केलेली गोधडी घाला, कारण दगडाची घरघर जमिनीतून स्टँडमध्ये चढते.

साध्या कॅप्सूलची संवेदनशीलता −४४ डेसिबलच्या आसपास असते, स्वतःची 'स्स्स' कमी असलेल्या महागड्या कॅप्सूलची −२४ पर्यंत. म्हणजे दहापट जास्त व्होल्टेज. शांत खोलीत एकट्या आजीचा आवाज घ्यायला महागडीच उत्तम. ढोलाशेजारी मात्र तिचाच आवाज फाटतो आणि साधी टिकते. दोन्ही बनवून ठेवा.

कानबाई श्रावणात बसते, तेव्हा हवा ओली असते. ओलाव्याने कॅप्सूलमध्ये कडकड सुरू होते. आदल्या रात्री माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर माइक कधीही ठेवू नका. बऱ्याच कॅप्सूलना ६० अंशांपर्यंतच मर्यादा असते.