नदी 40 फुटांवर आली की: निवारा केंद्रातल्या चुलीची तयारी

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. स्वयंपाकाची सगळी जमवाजमव 40 वरच उरकलेली हवी, कारण नंतर सिलिंडरची गाडी पोचेलच याचा भरवसा नसतो.

आधी शिधा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा निकष मोठ्या माणसाला दिवसाला 2400 कॅलरी, लहान मुलांना 1700. शंभर मोठ्यांचे तीन दिवस धरले तर तांदूळ, पीठ, पोहे मिळून 135 किलो, डाळ 24, शेंगदाणे 12, तेल साडेदहा आणि गूळ 6 किलो. बिस्किटांचे पुडे कितीही आले तरी यातून डाळ-तेल कमी करू नका. पोती जमिनीवर नको, बाकांवर रचा. डाळ मुगाचीच घ्या. उघड्या पातेल्यात तूर शिजता शिजत नाही आणि गॅस संपतो.

केंद्र बहुधा शाळेत असतं, त्यामुळे पोषण आहाराची भांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या ताई तिथेच मिळतात. मात्र त्यांच्या हाताला पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदळाचं माप बसलेलं असतं. त्याच मापाने मोठ्यांना केलं की दुसरी पंगत उपाशी राहते. शंभर मोठ्या माणसांच्या खिचडीला 15 किलो तांदूळ, 4 किलो मूगडाळ, दीड किलो तेल आणि साधारण 60 ते 65 लिटर पाणी धरा. एकच प्रचंड पातेलं चढवू नका: तळ करपतो, वर कच्चं राहतं. दोन घाण्यांत करा, तासाभरात वाढून संपवा. कोमट भात झाकून ठेवला की त्यात जंतू वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. रात्रीचं सकाळी कुणालाही देऊ नका.

पूर आषाढ-श्रावणात येतो, म्हणजे चातुर्मासात. जैन कुटुंबांसाठी कांदा, लसूण, बटाटा नसलेलं एक पातेलं वेगळं ठेवा आणि ते सूर्यास्ताआधी वाढा. नाहीतर म्हातारी माणसं निमूट उपाशी झोपतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पाण्याच्या 1000 लिटरच्या टाकीला 33 टक्के क्लोरीनची 5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का हे रंगावरून दाखवणारी चाचणी) करा; पिवळा रंग आला नाही तर ते पाणी पिऊ देऊ नका. पावडरीचं पोतं पावसाळी हवेत उघडं राहिलं की तिचा जोर जातो, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात हवी. गढूळ पाणी आधी तुरटीने निवळून घ्या.

सहा महिन्यांवरच्या बाळांसाठी तिखट घालण्याआधीच वरण-भात बाजूला काढा, मऊ कुस्करा, वर चमचाभर तेल घाला. त्याहून लहान बाळाच्या आईला आडोशाची खोली, जास्तीचं एक जेवण आणि भरपूर पाणी द्या. मदतीच्या ट्रकमधून तान्ह्यांच्या दूध पावडरचे डबे किंवा बाटल्या आल्या तर वाटू नका. 1992 च्या कायद्याने ते वाटायला बंदी आहे, आणि पुराच्या पाण्यात धुतलेल्या बाटलीने बाळाला जुलाब लागतात. आईचं दूध खरंच मिळत नसेल, तर त्या एका बाळापुरता निर्णय आरोग्यसेविकेने घ्यावा, आणि दूध वाटी-चमच्याने पाजावं.