अग्निजन्य खडक ओळखताना या चुका टाळा

नागपुरातल्या गिट्टीखदानचा काळा दगड हातात दिला की शिकवणीतली मुलं हमखास म्हणतात, "सर, हा मॅग्मा जमिनीखाली थिजून झाला." मी अर्धा गुण देतो. मॅग्मा म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, शिलारस. तो होता खरा, पण थिजला तो वर येऊन, लाव्हा होऊन. सीताबर्डीची टेकडी काय, सेमिनरी हिल्स काय, पश्चिम नागपूरचा बेसाल्ट, म्हणजे हाच काळा दगड, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्हाचा आहे. पोटातच गोठलेला खडक पाहायचा तर रायपूरकडची गाडी धरा आणि डोंगरगडला उतरा. तिथला ग्रॅनाइट २०० कोटी वर्षांहून जुना. वरचं सगळं आवरण झिजून गेलं, म्हणून तो आज उघडा दिसतो.

पायाखाली रसाचा समुद्र नाही

ही चूक मोठ्यांचीही. नागपूरचा मे महिना सोसलेल्या माणसाला जमिनीखाली रस रटरटतोय याची खात्रीच असते. प्रत्यक्षात कवचाखालचं प्रावरण जवळजवळ सगळं घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून मात्र जातात. तिथला खडक एवढा तापूनही वितळत नाही, कारण वरचा दाब. कुकरमधलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, तसंच काहीसं. हा तप्त खडक घन स्थितीतच हळूहळू वर सरकला आणि दाब उतरला, की त्याचा थोडा भाग वितळतो. सगळा नाही. आधी वितळेल ते वितळतं आणि तो रस हलका म्हणून वाट काढत वर चढतो.

दुसरी वाट पाण्याची. समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली (कवचाच्या दुसऱ्या मोठ्या तुकड्याखाली) खचत जातो तिथे त्यातून सुटलेलं पाणी वरच्या खडकात शिरतं आणि तो कमी तापमानाला वितळू लागतो. जपान आणि अँडीजचे ज्वालामुखी असे जन्मले. शिवाय वर आलेला बेसाल्टी रस कवचातल्या खडकाला तापवून वितळवतो, तेही आहेच. म्हणून "उष्णता वाढली आणि मॅग्मा झाला" एवढ्यावर उत्तर संपवू नका.

रंगावर जाऊ नका, दाणा पाहा

कढवलेलं तूप सावकाश निवू दिलं तर छान रवाळ होतं. गरम गरम फ्रिजमध्ये सारलं तर दाणा धरत नाही. खडकाचंही असंच. खोलवरच्या मोठ्या पिंडाला निवायला लाखो वर्षं लागतात, त्यामुळे स्फटिक डोळ्यांना दिसतील एवढे वाढतात. बेसाल्टचे दाणे भिंगातूनही नीट सुटे दिसत नाहीत. बारीक दाण्यांत मधेच मोठे स्फटिक दिसले तर गोंधळू नका: रस आधी खाली रेंगाळला, मग झटकन वर आला.

आता स्वयंपाकाचा ओटा घ्या. दुकानात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. रसायन बेसाल्टचं, निवणं जमिनीखालचं. म्हणजे तुमच्या ओट्याचं नातं डोंगरगडपेक्षा गिट्टीखदानशी जवळचं! आणि पूर्व नागपूरकडच्या दगडात फिकट-गडद पट्टे दिसले तर तो ग्रॅनाइट नव्हे, नाइस. तो रूपांतरित खडक आहे.

दाणा पाहायचा तो ताज्या तुकड्यात. पावसापाण्यानं पिवळट पडलेल्या सालीवरून काहीच ठरत नाही. हातोडा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

भाजलं कुठल्या बाजूनं?

डाइक आणि सिल म्हणजे जुन्या खडकांत घुसून थिजलेल्या रसाच्या पट्ट्या. या दोन्हींत मुलं फारशी चुकत नाहीत. डाइक थरांना कापत जाते, सिल दोन थरांच्या मधे घुसते. खरा घोळ सिल आणि लाव्हाच्या थरात. दोन्ही आडवे, दोन्ही काळे. इथे खडकाकडे टक लावून बसण्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहा. लाव्हा वाहिला तेव्हा त्याच्या डोक्यावर आभाळ होतं, म्हणून भाजली ती फक्त खालची माती. सिलच्या वरही थर होता आणि खालीही, म्हणून दोन्ही बाजू भाजतात. लाव्हाच्या माथ्याकडे वायूची भोकं दाटीनं असतात, पुढे ती झिओलाइट नावाच्या खनिजानं किंवा गारगोटीनं भरतात. डाइकच्या कडाही तपासा: थंड खडकाला टेकलेली कड लवकर निवते, तिथला दाणा मधल्या भागापेक्षा बारीक असतो.

नागपूरच्या टाकळीला एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी बेसाल्टच्या थरांमधल्या गाळातून जीवाश्म गोळा केले. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी होत्या त्यांत. म्हणजे एक लाव्हा निवला, त्यावर पाणी साचलं, त्यात जीव वाढले, आणि मग पुढचा लाव्हा आला. असा गाळ कुठे हाती लागला तर आधी त्याचा माथा आणि तळ दोन्ही खरवडून बघा. वरचा थर लाव्हाचाच असेल तर माथा भाजलेला असतो. तळ कोराच राहतो, कारण खालचा खडक तोवर केव्हाच निवलेला होता.