ठसे उमटेनात, तेव्हा चेहरा कामी आला

मेमध्ये रेल्वेतून निवृत्त झालो आणि पावसाळ्यात घसरून मांडीचं हाड मोडलं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी माणूस यंत्र घेऊन घरी आला, पण 33 वर्षं लेथवर झिजलेल्या बोटांचे ठसे उमटेनात. फार खचलो.

मग लेकीने चेहऱ्यावरून हा दाखला काढण्यासाठी मोबाईलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन्ही ॲप घेतली. आधी ऑपरेटर म्हणून स्वतःचा आधार क्रमांक आणि चेहरा नोंदवला, मग माझा पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँक खाते क्रमांक भरला. पहिल्यांदा चेहरा जुळेना. माझ्या पाठीमागे खिडकी होती. पलंग फिरवून उजेड तोंडावर घेतला, चष्मा काढला, डोळ्यांची उघडझाप केली. झालं! प्रमाण-आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा मेसेज आला, तो मी वहीत उतरवून ठेवलाय. पुढचं पेन्शन वेळेवर जमा झालं.