पोहे आणि पहाटेची मैफल : इंदूरच्या शौकिनांसाठी

ज्याला सकाळी पोह्यांशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही आणि ज्याला कलावंतासमोर बसून ऐकल्याशिवाय गाणे ऐकल्याचे समाधान मिळत नाही, अशा माणसाला इंदूरइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. इथे पोहे हा रोजचा नाश्ता आहे, आणि गायक अमीर खाँसाहेब, पखवाजवादक नाना पानसे, शेजारच्या देवासचे गायक रजब अली खाँ आणि कुमार गंधर्व या नावांमुळे गाणेबजावणे हा इथल्या मराठी घरांच्या बोलण्यातला नेहमीचा विषय आहे. या दोन्ही आवडी एकत्र आणि नीट कशा जोपासाव्यात, हे सांगण्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. माझे म्हणणे एवढेच की पोहे आणि मैफल या दोन्ही गोष्टी जिथे तयार होतात तिथेच आणि त्याच वेळी घ्यायच्या असतात. वाफेवरून उतरलेले पोहे अर्ध्या तासाने तसे राहत नाहीत, आणि मैफलीत ऐकलेला ललत राग दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणात तसाच भेटत नाही. त्यामुळे शौकिनाने आधी वेळेवर पोहोचायला शिकावे आणि मग तयारीने पोहोचायला.

पोह्यांची पारख

इंदुरी पोहे आणि आपले पुण्या-मुंबईकडचे कांदेपोहे यांतला मुख्य फरक वाफेचा आहे. कांदेपोह्यांत कांदा फोडणीत परतला जातो आणि पोहे कढईतच तयार होतात. इंदुरी पद्धतीत भिजवलेल्या पोह्यांना हळद, मीठ, साखर आणि बडीशेप-धण्यांची फोडणी लावून ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवतात, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत ते वाफेवरच राहतात. कांदा कच्चा आणि बारीक चिरलेला असतो व तो वरून येतो. त्यावर शेव, कोथिंबीर, लिंबू, हंगामात डाळिंबाचे दाणे आणि सर्वांत शेवटी जीरावन. जिरे, आमचूर, काळे मीठ, सुंठ, मिरी, हिंग आणि इतर मसाल्यांची ही पूड भोकांच्या झाकणाच्या डब्यातून पोह्यांवर भुरभुरली जाते, आणि तिचा आंबट-तिखट वास प्लेट हातात येण्याआधी नाकात येतो.

राजवाड्याच्या परिसरात, छप्पन दुकानांत किंवा आपल्याच वसाहतीच्या कोपऱ्यावर, कुठेही खा, पण गाडीवर गेल्यावर लगेच मागू नका. आधी मिनिटभर पाहा. पातेल्याखालून वाफ नीट येते आहे का, पोहे मोकळे आहेत की एकमेकांना चिकटून गोळा झाले आहेत, आणि दुकानदार नवा घाणा केव्हा वर टाकतो आहे, एवढे पाहिले की कोणत्या क्षणी प्लेट मागायची हे कळते. शेव प्लेटमध्ये पडताच ओलावा शोषू लागते, म्हणून ज्याला ती कुरकुरीत हवी आहे त्याने सरळ सांगावे, ‘भैया, सेव अलग देना’, आणि दर दोन घासांनी ती थोडी थोडी वर घालावी. जिलबी सोबत घ्यावीच, पण एक घास पोह्यांचा आणि एक तुकडा जिलबीचा अशा क्रमाने. आधी जिलबी संपवली तर पोह्यांतली मूळची हलकी गोडी कळेनाशी होते. उसळ-पोहे हा वेगळा प्रकार आहे. तो झणझणीत आणि पोटभरीचा असतो, आणि ज्या दिवशी सकाळची मैफल ऐकायची आहे त्या दिवशी तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी करायचे असतील तर चार माणसांना पाव किलो जाडे किंवा मध्यम पोहे पुरतात. पातळ पोहे वाफेवर लगदा होतात, त्यांचा चिवडाच करावा. पोहे आधी चाळून कणी काढून टाकावी, मग चाळणीत घेऊन दोन पाण्यांनी हलक्या हाताने धुवावेत आणि पंधरा मिनिटे निथळू द्यावेत. दाणा दोन बोटांत दाबला असता सहज मोडला पण पीठ झाला नाही, म्हणजे भिजणे बरोबर झाले. त्यात मीठ, दीड चमचा साखर आणि अर्धा चमचा हळद घालून हाताने मोकळे करावे. तेलात मोहरी, बडीशेप, भरडलेले धणे, हिरवी मिरची आणि कढीपत्ता यांची फोडणी करून ती पोह्यांवर ओतावी, आणि मग हे पोहे चाळणीत भरून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकण ठेवून आठ-दहा मिनिटे वाफवावेत. चाळणीचा तळ पाण्याला लागता कामा नये. झाकणावर साचलेले पाणी पोह्यांत ठिबकू नये म्हणून झाकणाला स्वच्छ फडके बांधावे. एवढ्या एका गोष्टीने पोहे मोकळे राहतात.

मैफलीची तयारी

मैफलीची तयारी आठवडाभर आधी सुरू होते. सानंदसारख्या संस्थांच्या कार्यक्रमांकडे, रवींद्र नाट्यगृहातील सभांकडे आणि दर वर्षी होणाऱ्या समारोहांकडे लक्ष ठेवावे, आणि तारीख कळताच ती दिनदर्शिकेवर लिहून टाकावी. गाणार असलेल्या कलावंताचे घराणे कोणते, तालीम कोणाकडे झाली, एवढे जाणून घ्यावे. त्या कलावंताचे एखादे ध्वनिमुद्रण आधी ऐकायला हरकत नाही. मात्र कार्यक्रमाच्या दिवशी काही ऐकू नये. कान मोकळे ठेवून जावे, नाहीतर समोरच्या गाण्याची कालच्या गाण्याशी तुलना करण्यातच पहिला अर्धा तास जातो.

सभागृहात किमान अर्धा तास आधी पोहोचावे, आणि त्याचे कारण केवळ जागा मिळणे हे नाही. तंबोरे लावले जात असताना ऐकणे हा श्रोत्याचा पहिला धडा आहे. चार तारांच्या तंबोऱ्यात मधल्या दोन तारा षड्जाच्या असतात आणि शेवटची खर्जाची. पहिली तार मात्र रागाप्रमाणे बदलते. बहुतेक रागांत ती पंचमाला लागते, पण मालकंसात पंचम नसल्याने ती मध्यमावर आणली जाते, आणि मारव्यात पुष्कळदा निषादावर. ज्याला हे ऐकू येऊ लागले त्याला राग जाहीर होण्यापूर्वीच अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज खरा ठरल्याचा आनंद फार मोठा असतो. तारेखालचे सूत घोड्यावर किंचित सरकवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलवली जाते तेव्हा तार नुसती वाजत नाही, तिच्यातून इतर स्वर झरू लागतात. तो क्षण कानांनी पकडायला शिकावे. वातानुकूलित सभागृहात तारांचा आणि तबल्याचा स्वर हलतो, म्हणून कलावंत मध्येच थांबून वाद्य लावू लागला तर चुळबुळ करू नये.

जागा निवडताना पहिल्या रांगेचा मोह सोडावा. कोपऱ्यातल्या ध्वनिक्षेपकासमोर बसलेल्याला गाणे ऐकू येत नाही, त्याला ध्वनिक्षेपक ऐकू येतो. मधल्या पट्ट्यातली चौथी ते आठवी रांग मला सर्वांत योग्य वाटते, कारण तिथून कलावंताचा चेहरा आणि तबलजीचे हात दोन्ही दिसतात.

नव्या श्रोत्याला सर्वांत जास्त त्रास विलंबित, म्हणजे अतिशय संथ लयीच्या, ख्यालाचा होतो, आणि त्यावर ताल मोजणे हाच उपाय आहे. इंदूर घराण्याचे गाणे ऐकायचे तर हे टाळताच येत नाही, कारण अमीर खाँसाहेबांनी (१९१२-१९७४) अतिविलंबित झुमरा तालाला आपल्या गायकीचा पाया केले. झुमरा चौदा मात्रांचा असतो आणि त्याचे विभाग तीन, चार, तीन, चार असे पडतात. पहिल्या, चौथ्या आणि अकराव्या मात्रेवर टाळी आणि आठव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळीऐवजी मोकळा हात. अतिविलंबित लयीत एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालू शकते, त्यामुळे सुरुवातीला मात्रा मोजताना दमछाक होते. म्हणून मात्रांच्या मागे न लागता आधी फक्त खाली ओळखावी. आठव्या मात्रेला डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि ‘धिं’च्या जागी ‘तिं’ येतो, ते एकदा कानाने टिपले की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, अजून किती दूर आहे हे आपोआप कळू लागते. मग गायक त्या मोकळ्या जागेत स्वर कसे मांडतो, मेरुखंडाच्या पद्धतीने त्याच तीन-चार स्वरांची मांडणी कशी बदलत जातो, आणि मुखडा घेऊन समेवर अलगद कसा उतरतो, याकडे लक्ष द्यायला उसंत मिळते.

दाद द्यावी, पण आलापाच्या मध्यावर मोठ्याने नव्हे. हाताची बोटे पुरतात, मान पुरते. समेवर शब्द निघाला तर तो कलावंतालाही हवा असतो. उठायचेच असेल तर चीज, म्हणजे बंदिश, संपल्यावर उठावे. मोबाइल बंद करावा, आणि चित्रण करण्याचा विचार मनातून काढून टाकावा, कारण पडद्यात पाहणारा श्रोता समोरच्या गाण्याला निम्माच हजर असतो. घरी आल्यावर एका वहीत तारीख, राग, चीजेचे पहिले शब्द, ताल आणि साथीदारांची नावे लिहून ठेवावीत. काही वर्षांनी ही वही उघडली की आपला कान कुठून कुठे आला ते दिसते. त्याच वहीत त्या सकाळचे पोहे कुठे खाल्ले आणि कसे होते हेही लिहायला काही हरकत नाही.

दोन्ही एका सकाळी

या दोन आवडींचा खरा मेळ प्रातःकालीन सभेत आणि दिवाळी पहाटेला जमतो. आपल्याकडच्या मैफली बहुतेक संध्याकाळच्या असल्याने यमन, मारवा, बागेश्री, मालकंस वारंवार कानांवर पडतात आणि सकाळचे राग त्या मानाने उपेक्षित राहतात. दोन मध्यमांचा ललत, आंदोलित ऋषभ-धैवतांचा भैरव, त्यानंतरची तोडी, हे राग त्यांच्या वेळी समोर बसून ऐकायला मिळाले तर ती संधी कोणत्याही कारणाने सोडू नये.

सभा सहाला असेल तर रात्री हलके जेवून दहाला झोपावे आणि साडेचारला उठावे. निघण्यापूर्वी चहा, फार तर एखादे केळे. भरल्या पोटी विलंबित ऐकताना झापड येते, म्हणून पोहे सभेनंतरच खावेत, आणि भूक लागलेली असल्यामुळे ते अधिक चवीने खाल्ले जातात. सभा संपताच गर्दीबरोबर निघून गाडीवर रांग लावण्यापेक्षा दहा मिनिटे थांबून कलावंतांना नमस्कार करावा, दोन शब्द बोलावेत आणि मग जावे. तोवर पुढचा घाणाही वर आलेला असतो.

दिवाळी पहाटेचा बेत थोडा वेगळा असतो. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून घरचे सगळेच कार्यक्रमाला निघतात, नाट्यगीते, अभंग, भावगीते असा मिश्र कार्यक्रम असतो, आणि घरी फराळ तयार असतो. त्या दिवशी बाहेरच्या पोह्यांचा हट्ट धरू नये. कोकणातून आलेल्या कुटुंबांत या सकाळी गुळाचे, दुधाचे, दह्याचे आणि दडपे असे नाना प्रकारचे पोहे करतात. त्यांतले दडपे पोहे इंदूरच्या शौकिनाने आवर्जून करून पाहावेत. पातळ पोह्यांना ओले खोबरे, कांदा, कोथिंबीर आणि लिंबू लावून ते झाकून दडपून ठेवायचे आणि वरून फोडणी द्यायची. हे काम कार्यक्रमाला निघण्यापूर्वी अर्धे उरकता येते, आणि परत आल्यावर फक्त फोडणी उरते.

थोडा अनुभव आला की घरी बैठक करावी. तीस-चाळीस माणसे बसतील एवढा दिवाणखाना असला तर ध्वनिक्षेपकाची गरज नाही, आणि विनाध्वनिक्षेपक आवाज म्हणजे काय हे ज्याने ऐकले नाही त्याने ते एकदा तरी ऐकलेच पाहिजे. गायक, तबला, संवादिनी आणि तंबोरा यांचे मानधन आधी बोलून ठरवावे आणि पाकिटात तयार ठेवावे. श्रोत्यांकडून वर्गणी मागण्यात कसलाही संकोच नसावा. पंखे कमी ठेवावेत, बाहेरची घंटा बंद करावी, आणि स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज भैरवी संपेपर्यंत होऊ देऊ नये. भिजवलेले पोहे आणि फोडणी आधीच एकत्र करून चाळणी तयार ठेवली, तर शेवटचा सूर विरल्यावर फक्त पाणी उकळायचे उरते आणि लोक गाण्याबद्दल बोलत असतानाच गरम प्लेट हातात येते.

हे सर्व जमू लागले की डिसेंबरात ग्वाल्हेरला जाण्याचे ठरवावे. तानसेन समारोह तिथे हजीरा भागात, सूफी संत मोहम्मद गौस आणि तानसेन यांच्या समाधिस्थळी होतो, प्रवेश विनामूल्य असतो आणि सभा सकाळी व संध्याकाळी दोन्ही वेळा असतात. एक सभा तानसेनाच्या जन्मगावी, बेहटला होते. तिचे वेळापत्रक पाहून त्याप्रमाणे परतीचे तिकीट काढावे. डिसेंबरात तिथे थंडी चांगलीच असते, तेव्हा शाल, कानटोपी आणि बसायला जाड सतरंजी सोबत घ्यावी. आणि तिथल्या नाश्त्यात कचोरी-बेडईचे राज्य असल्याने, ज्याला पोह्यांशिवाय चालत नाही त्याने जीरावनाची एक डबी सामानात जरूर ठेवावी.