अल्बममधलं नाणं काढताना या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा लोखंडी कपाटातला नाण्यांचा अल्बमही चांगलाच तापतो. बाजारातल्या स्वस्त अल्बमची पानं बहुधा मऊ पीव्हीसीची असतात. उष्णतेने त्या प्लॅस्टिकमधला तेलकट अंश बाहेर येतो, पान नाण्याला चिकटतं आणि तांब्याचा अंश असलेल्या नाण्यांवर हिरवट, चिकट थर धरतो. नाणी अशा अल्बममध्ये असतील तर ती काढायलाच हवीत, पण घाईने नाही.

भर दुपारी हे काम काढू नका. अल्बम रात्रभर गार खोलीत आडवा ठेवा आणि सकाळी लवकर बसा. धाब्याचं घर असेल तर फारच छान. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढल्याबरोबर नाण्यावर पाणी धरतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चिकटलेलं नाणं नखाने, पिनेने किंवा चिमट्याने उचकटताना. राणीछाप रुपयावर पिनेचा एक ओरखडा उठला की तो कायमचा. इथे पानाचा मोह सोडा. पान सपाट ठेवून लहान कात्रीने खिशाची वरची आणि एका बाजूची कड कापा. कात्रीचं टोक नाण्यापासून लांब राहू द्या. मग वरचं प्लॅस्टिक नाण्यावरून सरकवत ओढू नका, एका कोपऱ्यातून उचलून हळूहळू मागे दुमडत न्या. नाणं खालच्या थराला चिकटून राहिलं, तर पान मऊ सुती कापडावर उलटं धरा आणि प्लॅस्टिक पाठीमागून जरा वाकवा. बहुतेक वेळा नाणं आपसूक सुटतं. धरायचं ते कडेनेच, दोन बोटांत. बोटांचा घाम तांब्यावर डाग पाडतो, म्हणून पावडर नसलेले नायट्रिल हातमोजे घाला.

सरकत्या पट्टीच्या अल्बममध्ये पट्टी ओढताना नाणं वर आलेलं असेल, तर राणीच्या गालावर समांतर बारीक रेघा उमटतात. आधी नाणं पट्टीपासून खाली दाबून घ्या, मग पट्टी ओढा. पुठ्ठ्याच्या भोकात घट्ट बसलेलं नाणं मागून मधोमध दाबू नका. कडेजवळ आळीपाळीने दाबा. स्टेपल केलेल्या चौकोनी पुठ्ठ्याच्या पिना आधी पूर्ण काढा, नाणं नंतर. ॲल्युमिनियमची जुनी दोन-तीन पैशांची नाणी मऊ असतात, त्यांना पिनेचं टोक नुसतं लागलं तरी पुरे.

नाणं हातात आलं की चिंच, लिंबू, रांगोळी किंवा टूथपेस्टने घासायची इच्छा होते. दागिन्यांसारखं सराफाकडे उजळायला देणारेही आहेत. कृपा करून असं करू नका. बुऱ्हाणपूर टांकसाळीचा मोगल रुपया घासला, तर टांकसाळीचं नाव सांगणारी फारसी अक्षरंच बोथट होतात. काळपट झाक तशीच राहू द्या, संग्राहकाला तीच हवी असते.

हिरवा चिकट थर मात्र काढावा लागतो. त्यासाठी शुद्ध ॲसिटोन वापरा, नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणं थोडा वेळ बुडवा, न घासता दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधून काढा आणि कापडावर आपोआप वाळू द्या. हे द्रव चटकन पेट घेतं, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस, निरांजन, उदबत्ती जवळ नको. धातू जिथे खड्डे पडून खाल्ला गेलाय, तिथे मात्र काही भरून येत नाही.

लक्ष्मीपूजनाला दरवर्षी अल्बममधलेच रुपये काढणं, त्यांवर हळद-कुंकू वाहणं आणि नंतर पुसून परत ठेवणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. पूजेसाठी दोन-चार झिजलेले रुपये वेगळेच ठेवा.

काढलेली नाणी त्याच अल्बममध्ये परत घालू नका. मायलर किंवा पॉलिप्रॉपिलीन या पीव्हीसी नसलेल्या प्लॅस्टिकचे कप्पे घ्या. नव्या पानाला रेक्झिनसारखा उग्र वास आला, तर ते दुकानातच परत द्या.