जुन्या डीव्हीडींची यादी अशी करा, डिस्क न लावता फोटो सापडेल

सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क स्वस्त होईपर्यंतची लग्नं, मुंजी, बारशी आमच्याकडे सीडी-डीव्हीडीवरच आहेत. लोक अजून येतात. "दादा, वडील गेले. फ्रेमला चांगला फोटो हवाय, तासगावच्या लग्नात तुम्हीच काढला होता." दारात असं माणूस उभं असताना एकेक डिस्क लावून बघत बसणं मला पटत नाही. म्हणून यादी.

आधी डिस्कांना क्रमांक द्या. सीडीतला चकाकणारा थर लेबलच्या बाजूला अगदी पातळ लेपाखाली असतो, तिथं बॉलपेन टेकवू नका. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, पण कागदी स्टिकर तिलाही नको, फिरताना तोल जातो. मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करनं लिहा. धूळ असेल तर मऊ सुती कापडानं मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही.

आता सॉफ्टवेअर. 'व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स व्ह्यू' हे डिस्कांची यादी करणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. नवीन कॅटलॉग (म्हणजे यादीची फाइल) तयार करा, डिस्क घाला, कॅटलॉग मेन्यूतून व्हॉल्यूम (म्हणजे आपली डिस्क) नोंदवायचा पर्याय घ्या आणि ड्राइव्ह निवडा. नाव विचारलं की डिस्कवरचाच क्रमांक टाका. डिस्कचं आतलं नाव तसंच ठेवू नका. बर्न करताना बरेचदा नुसती तारीख पडलेली असते आणि एका दिवसात चार डिस्का केल्या असतील तर चारही सारख्याच दिसतात. सॉफ्टवेअर फायलींची नावं, आकार आणि तारखा टिपतं, फायली उचलत नाही. त्यामुळे चांगली डिस्क झटकन उरकते.

खरं काम पुढं आहे. आमच्या धंद्यात फाइलच्या नावाला काही अर्थ नसतो. निकॉनचा कॅमेरा 'डीएससी' लावून आकडे टाकतो आणि ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून सुरू करतो. व्हिडिओ डीव्हीडी तर सगळ्या एकसारख्या: तेच 'व्हिडिओ टीएस' फोल्डर, आत व्हिडिओचे १ जीबीपर्यंतचे तेच 'व्हीओबी' तुकडे. नुसती यादी केली तर शोधात शेकडो सारखी नावं येतील आणि तासगावचं लग्न सापडणार नाही. म्हणून डिस्क ड्राइव्हमध्ये असतानाच एकदा उघडून बघा आणि सॉफ्टवेअरमधल्या तिच्या नोंदीच्या वर्णनात लिहा: गाव, आडनाव, कार्यालय, वर्ष, काय आहे (हळद, वरात, रिसेप्शन). गिऱ्हाइकाला तारीख आठवत नाही, गाव आणि कार्यालय आठवतं. 'तासगाव' एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये असं करू नका, एकच पद्धत धरा. यात वेळ जातो, जाऊ द्या. यादीचा सगळा जीव या ओळीत आहे.

याच सॉफ्टवेअरमध्ये आभासी फोल्डरही करता येतात. मी गावांची केली आहेत: मिरज, विटा, तासगाव. एका घरातली लग्नं पाच डिस्कांवर विखुरलेली असली तरी एका जागी दिसतात. मूळ नोंद जागची हलत नाही.

एका सॉफ्टवेअरवर सगळा भार टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. विंडोजवरच्या 'एव्हरीथिंग' या मोफत शोधयंत्रात टूल्स मेन्यूत फाइल लिस्ट एडिटर आहे. त्यात डिस्कचा फोल्डर जोडून यादी सेव्ह करा आणि तिला डिस्कचाच क्रमांक द्या. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. कॅटलॉग आणि या याद्यांची एक प्रत दुकानाबाहेर ठेवा. २०१९ च्या महापुरात सांगलीत पाणी कुठवर आलं होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

नोंद करताना एखादी डिस्क अडखळली, ड्राइव्ह घरघरला, तर क्रमांकापुढे खूण करा आणि बाकीच्या सोडून आधी तिची हार्ड डिस्कवर कॉपी घ्या. कॉपी मध्येच थांबली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एकात न वाचलेली डिस्क दुसऱ्यात कधीकधी वाचली जाते. कॉपी झाली की वर्णनात तेही लिहा: 'हार्ड डिस्कवर आहे'.