ज्येष्ठांची औषधे आणि दूरवैद्यक: गजर लावण्यापूर्वी काय करावे

दीर्घकालीन आजारांची औषधे सांगितल्याप्रमाणे घेतली जाण्याचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी पन्नास टक्केच असते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात नमूद केले होते. घरातील ज्येष्ठांच्या गोळ्या राहून जातात हे लक्षात आले की आपण प्रथम फोनवर गजर लावून देतो. परंतु गजर हा केवळ विसरण्यावरचा उपाय आहे. गोळीने चक्कर येते, ती गिळता येत नाही, बाटलीचे झाकण उघडत नाही किंवा बरे वाटू लागल्यामुळे आता औषध कशाला असे वाटते, यांपैकी काही कारण असेल तर गजर वाजत राहतो आणि गोळी डब्यातच राहते. म्हणून आधी कारण शोधावे आणि मगच साधन निवडावे.

त्यासाठी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट यांच्याशी एक सविस्तर व्हिडिओ कॉल ठरवावा. कॉलपूर्वी घरातील सर्व औषधे टेबलावर मांडावीत: वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली, चिठ्ठीशिवाय आणलेली, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, काढे, डोळ्यांतील थेंब आणि इन्हेलरसुद्धा. प्रत्येक वेष्टनावरील नाव व मात्रा कॅमेऱ्यासमोर धरावी. दवाखान्यात बहुधा फक्त चिठ्ठी पोहोचते, येथे मात्र औषधांचे अख्खे कपाट तज्ज्ञाच्या नजरेखालून जाते, आणि माझ्या मते दूरवैद्यकाचा, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून मिळणाऱ्या वैद्यकीय सेवेचा, सर्वांत मोठा फायदा हाच आहे. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा घेतले जात असल्याचे अशा वेळी उघड होते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके रक्तदाब वाढवू शकतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात, तीही येथेच सापडतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलेले असेल तर ते आठवड्यातून एकदाच घेतले जाते ना, याची आवर्जून खात्री करावी, कारण ते चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. यांतील कोणती औषधे आता बंद करता येतील, हा प्रश्नही संकोच न करता विचारावा. मात्र कोणतेही औषध स्वतःहून थांबवू नये.

कॉलच्या शेवटी “समजले का?” असे विचारून थांबू नये, कारण त्यावर बहुतेक जण “हो” म्हणतात. “हे औषध कसे घेणार, ते करून दाखवा” असे आदराने म्हणावे. इन्हेलर ओढण्याची किंवा इन्सुलिन पेन वापरण्याची पद्धत चुकत असेल, तर ती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही.

यानंतर साधनाकडे वळावे. दृष्टी अधू असेल किंवा स्मार्टफोनची सवय नसेल, तर अ‍ॅपपेक्षा वारांचे कप्पे असलेला डबा आणि ठरलेल्या वेळी येणारा फोन अधिक उपयोगी पडतो. स्मृतिभ्रंश असेल तर ठरावीक वेळीच कप्पा उघडणारा आणि डोस राहिल्यास नातेवाइकांना संदेश पाठवणारा स्वयंचलित डबा विचारात घ्यावा. अर्थात कप्पा उघडला म्हणजे गोळी पोटात गेली असे नव्हे. क्षयरोगाच्या उपचारांत डोस घेताना व्हिडिओद्वारे पाहण्याच्या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सशर्त मान्यता दिली. चुकवून चालणार नाही अशा औषधासाठी घरातील कोणीही तसाच छोटा व्हिडिओ कॉल करू शकते. संदेश कोणाला जावेत, हे मात्र ज्येष्ठांच्या संमतीनेच ठरवावे, अन्यथा मदतीची पाळत होते.

रक्तदाबाच्या औषधांसाठी घरच्या नोंदी डॉक्टरांना पाठवाव्यात. पाच मिनिटे शांत बसून, पट्टा हृदयाच्या पातळीवर ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. उठताना चक्कर येत असेल तर उभे राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनीही मोजावे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरल्यास लगेच कळवावे. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांसाठी व्हिडिओ कॉलची वाट न पाहता तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.

डोस राहिला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. काय करायचे ते प्रत्येक औषधासाठी आधीच विचारून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. रुग्णालयातून घरी परतल्यावर तर विशेष दक्षता हवी, कारण चिठ्ठी बदललेली असते आणि डब्यात व अ‍ॅपमध्ये मात्र जुनीच औषधे असतात. त्याच दिवशी डबा रिकामा करून नव्या चिठ्ठीप्रमाणे भरावा, जुने गजर काढून टाकावेत आणि औषधांची फेरतपासणी करण्यासाठी पुढच्या काही दिवसांतला व्हिडिओ कॉल ठरवून घ्यावा.